चार दिवसांच्या खोलीला फुलं कशाला?

मदेरा हे अटलांटिक महासागरातलं पोर्तुगालचं बेट आणि फुंचाल ही त्याची राजधानी. युरोपातून कॅनरी बेटांकडे किंवा महासागर ओलांडून कॅरिबियनकडे जाणारी क्रूझ जहाजं इथे दिवसभर थांबतात आणि संध्याकाळी निघतात. बंदरापासून पायी जाण्याच्या अंतरावर १९४० साली उघडलेला शेतकऱ्यांचा बाजार आहे. आत शिरताना फुलवाल्या भेटतात. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे पारंपरिक घागरे, समोर पाण्याच्या बादल्या आणि बादल्यांत बर्ड ऑफ पॅराडाइज, प्रोटिया, अँथुरियम, ऑर्किड. जहाजावरून उतरलेल्यांपैकी काही जण इथून एखादी जुडी घेतात आणि केबिनमधल्या लहानशा टेबलावर नेऊन ठेवतात. ती केबिन त्यांची नसते. प्रवास संपला की त्याच दिवशी तिथे दुसरं कुणीतरी राहायला येणार असतं. फुलंही थोड्याच दिवसांची सोबती, आणि तोवर टिकली तरी पुढच्या देशात ती उतरवू देतीलच असं नाही. ज्या खोलीत आपण राहणार नाही तिच्यासाठी, आपल्याजवळ उरणार नाही अशी वस्तू विकत घ्यायची, याला काय म्हणायचं? हौस, मोह, उधळपट्टी, की आणखी काही?

प्रश्न किरकोळ दिसतो, पण त्याच्यामागे धर्मविचारातला एक फार जुना प्रश्न उभा आहे. जे जाणार हे ठाऊक आहे त्याच्याशी माणसाने कसं वागावं? आपल्याकडे या प्रश्नाचं एक ठरीव उत्तर लहानपणापासून कानावर पडतं. देह भाड्याचा, संसार चार दिवसांचा, तेव्हा त्यात जीव गुंतवू नये. या उत्तरातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र आपण फार घाईने पहिल्यातून काढतो. जागा आपली नाही एवढ्यावरून तिची निगा राखायची नाही असं ठरत नाही. माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. जी जागा आपली होणार नाही, तिची मनापासून घेतलेली निगा हीच अनासक्तीची खरी कसोटी आहे. स्वतःच्या मालकीची वस्तू जपताना त्या जपण्यात स्वार्थ किती आणि प्रेम किती हे कधीच वेगळं काढता येत नाही. मुक्कामाच्या खोलीत मात्र ते लख्ख दिसतं, कारण तिथे राखून ठेवण्यासारखं काहीच नसतं.

जहाज आणि मुक्काम यांवर नेमका विचार केलेला एक तत्त्ववेत्ता आहे, एपिक्टेटस. इसवी सनाच्या पहिल्या शतकात आजच्या तुर्कस्तानात तो जन्मला, रोममध्ये गुलाम म्हणून राहिला, पुढे मुक्त झाला आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हुसकावून लावल्यावर ग्रीसमधल्या निकोपोलिसला त्याने शाळा काढली. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. त्याचा शिष्य एरियन याने त्याची शिकवण टिपून ठेवली. त्या शिकवणीच्या छोट्या पुस्तिकेत एक दृष्टान्त आहे. जहाज वाटेत नांगरलं आहे, तुम्ही पाणी भरायला किनाऱ्यावर उतरला आहात, तर जाता जाता एखादा शिंपला किंवा एखादा कंद उचलायला हरकत नाही. पण लक्ष जहाजाकडे असू द्या, आणि कप्तानाने हाक दिली की सगळं टाकून निघा. वरवर वाचणाऱ्याला यात फक्त शेवटचं वाक्य ऐकू येतं. पण एपिक्टेटसने किनाऱ्यावर उतरणं वर्ज्य केलेलं नाही, आणि शिंपला उचलू नका असंही म्हटलेलं नाही. त्याच पुस्तिकेत पुढे तो आणखी स्पष्ट होतो. जे तुमच्याजवळ आहे ते परक्याचं समजून त्याची काळजी घ्या, धर्मशाळेत उतरलेला प्रवासी घेतो तशी. परक्याचं समजा आणि काळजी घ्या, या दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या. आपण बहुतेक वेळा पहिलीच पाठ करतो आणि दुसरी विसरतो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातही हाच वाटसरू भेटतो. ज्ञानी माणसाची लक्षणं सांगताना अनासक्तीपाशी आल्यावर ज्ञानदेव बिऱ्हाडात तात्पुरता उतरलेल्या माणसाचा दृष्टान्त देतात, आणि वाटेत मिळालेल्या झाडाच्या सावलीचाही. ज्ञानी आपल्या देहाबद्दल आणि घराबद्दल असा अलिप्त असतो. इथे कुणीही म्हणेल की ज्ञानदेवांनी तर निकालच लावला, वाटसरूने बिऱ्हाडात फुलं मांडत बसू नये. पण हा दृष्टान्त कशासाठी आला आहे ते पाहावं. तिथे विचार चालला आहे तो ममतेचा. घर, बायकामुलं, देह हे सगळं 'माझं' म्हणून जी पकड बसते ती सोडण्याबद्दल ते बोलत आहेत. सावलीत बसलेला माणूस झाडावर हक्क सांगत नाही हे खरं, पण म्हणून तो बुंध्याला कुऱ्हाडही लावत नाही, की जाताना खाली उष्टं-खरकटं टाकून जात नाही. त्याच अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना ज्ञानदेव इतके हळवे होतात की पाऊल टाकतानाही खालच्या जीवाला इजा होऊ नये असा ज्ञानी ते रंगवतात. अलिप्तता आणि हळुवारपणा एकाच माणसाच्या अंगी त्यांनी बसवले आहेत. मग वाटसरूची अलिप्तता बेफिकिरी कशी असेल?

ग्रंथांपेक्षाही बळकट पुरावा आपल्या घराघरांतून मिळतो. भाद्रपदातला पार्थिव गणपती आणताना तो कधी जाणार हे आधी ठरलेलं असतं. दीड दिवस, पाच दिवस, फार तर अनंत चतुर्दशी. असं असूनही त्याच्यासाठी मखर उभारलं जातं, एकवीस प्रकारची पत्री गोळा होते, दूर्वा निवडून जुड्या बांधल्या जातात. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. चौकटीला रानातली फळं, पानं, फुलं, सुपारीचे घड असं काय काय टांगलेलं असतं, आणि ते गोळा करायला माणसं आदल्या दिवसांत रान पालथं घालतात. दीड दिवसाच्या पाहुण्यासाठी एवढा खटाटोप का, असं तिथे कुणी विचारत नाही. मग उत्तरपूजा होते, मूर्तीवर अक्षता पडतात, यजमान ती जागेवरून जराशी हलवतो, आणि त्या क्षणापासून देवत्व तिथे उरलं नाही असं मानून निरोपाची तयारी सुरू होते. माती मातीत जाते. या विधीत मला अनित्यतेचा सगळ्यात परिपक्व विचार दिसतो. जाणार म्हणून कमी करायचं नाही आणि केलं म्हणून धरून ठेवायचं नाही. हे दोन्ही एकाच हाताने करायला शिकवणारा याहून सोपा धडा आपल्या परंपरेत दुसरा नाही.

यावर आक्षेप येईल की तिथे देव आहे. मखरातली फुलं देवासाठी असतात, केबिनमधली स्वतःच्या डोळ्यांसाठी. या दोहोंना एका पंगतीत बसवणं म्हणजे चैनीला भक्तीचं नाव देणं. आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांचा जो स्वीकार सांगितला आहे तो भक्तीने दिलेल्याचा आहे, नुसत्या फुलाचा नाही. तेव्हा टेबलावर फुलदाणी ठेवली की पूजा झाली असं मी म्हणणार नाही. पण देव आणि जागा यांच्यात आपण घालतो तितकी उंच भिंत वारकरी संतांनी घातलेली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी पंढरीच्या इतक्या जवळ राहूनही आपल्या मळ्यातच रमले. विठ्ठल त्यांना वाफ्यांत आणि भाजीपाल्यात दिसला. त्यांचं काम हीच त्यांची पूजा होती, कारण त्या कामात ते स्वतः मध्यभागी नव्हते. म्हणून कसोटी इतकीच, की फूल ठेवणारा मध्यभागी कुणाला ठेवतो. शेजारणीची केबिन जशी सजली त्याहून आपली सरस दिसावी म्हणून फुलं आणली तर ती चैनच. पण ज्या जागेने आपल्याला आसरा दिला तिचा मान राखावा, सोबत राहणाऱ्याची सकाळ प्रसन्न व्हावी, जिथून फूल आलं त्या मातीची आठवण डोळ्यांसमोर असावी, या भावनेने आणली तर त्या कृतीचं तोंड भक्तीकडे वळलेलं आहे. तिने तिथवर पोचायला हवं असा माझा आग्रह नाही, पण ती मोहाच्या वाटेवर नाही एवढं नक्की.

फूलच का, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे. प्रवासात माणसं किती तरी वस्तू घेतात. मदेराची वाइन, भरतकाम केलेले रुमाल, वेताच्या टोपल्या बंदराजवळ सगळीकडे मिळतात. त्या वस्तू घरी येतात, कपाटात बसतात आणि 'मी तिथे जाऊन आलो' याची साक्ष देत राहतात. फुलाला ही साक्ष देता येत नाही. ताजी फुलं, पानं, बिया एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर किडी आणि रोग पसरू नयेत म्हणून कडक बंधनं असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार काटेकोर आहेत, अमेरिकेत उतरतानाही असा माल जाहीर करावा लागतो. मुळं आणि माती असलेली कुंडी बहुतेक जहाजांवरच घेऊ देत नाहीत. म्हणजे केबिनमधलं फूल मुक्कामापुरतंच असणार हे पुष्कळदा कायद्यानेही ठरलेलं असतं. ते साठवता येत नाही, वारशात देता येत नाही. त्याच्याशी ठेवण्याजोगं नातं एकच उरतं, लक्ष देण्याचं. बर्ड ऑफ पॅराडाइजची दांडी घ्या. वरून चोचीसारखं दिसणारं जे लालसर काठाचं हिरवं आवरण असतं, त्याच्या पोटात एकच फूल नसतं. केशरी पाकळ्यांचं आणि निळ्या जिभेचं पहिलं फूल उभं राहतं, काही दिवसांनी सुकतं, आणि त्याच्यामागे दुसरं आत दडलेलं असतं. ते अडकलं असेल तर अंगठ्याने आवरणाची फट हलकेच रुंद करून, चिकट रसातून त्याला वर उचलून घ्यावं लागतं. जोर लावला तर मोडतं आणि तसंच सोडलं तर कधीकधी आतच कुजतं. दांडीचं टोक तिरकं कापायचं, एक-दोन दिवसांआड पाणी बदलायचं, पाण्यात बुडणारी पानं काढायची. एवढी चाकरी केली तर एक दांडी महासागर ओलांडायच्या पाच-सहा दिवसांत दोनदा फुलू शकते. महासागराच्या मधोमध, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये, जिथे दिवस आणि रात्र दिव्याच्या बटणावर ठरतात, तिथे काळ खरोखर पुढे सरकतो आहे हे सांगणारी ती एकच जिवंत गोष्ट असते.

आता या फुलांना 'स्थानिक' म्हणण्यामागच्या अभिमानाकडे वळू, कारण परक्या ठिकाणचं सौंदर्य उचलून नेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, असंही विचारलं जातं. फुंचालच्या बादल्यांतली फुलं नीट पाहिली तर हा प्रश्नच बदलतो. मदेरावर साधारण १४२० पर्यंत वस्ती नव्हती. आज बेटाची खूण बनलेलं बर्ड ऑफ पॅराडाइज मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, प्रोटियाही तिथलीच. अँथुरियम अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं, आणि रस्त्याकडेने फुललेलं हायड्रेंजिया पूर्व आशियातलं. ही सगळी जहाजातून आलेली झाडं आहेत. बेटाचं मूळ जंगल वेगळं, लॉरेलच्या जातीच्या वृक्षांचं, जे १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आपल्याकडेही हेच झालं. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि हारातला निशिगंध हे मेक्सिकोचे, देवळाच्या आवारातला पांढरा-पिवळा चाफा अमेरिकेतला, शेवंती चीनची. यांतलं एकही फूल आज कुणाला परकं वाटत नाही. या झाडांना हक्क कुणी दिला? त्यांना पाणी घालणाऱ्या हातांनी. मदेराच्या उभ्या डोंगरउतारांवर पाटांचं जाळं कोरून शेतकऱ्यांनी पाणी खेळवलं म्हणून आफ्रिकेचं फूल मदेराचं झालं. मूळ कुठलं यापेक्षा निगा कुणी घेतली यावरून एखादी गोष्ट तिथली ठरते. म्हणजे ज्या जागेत आपण उपरे आहोत तिच्याशी नातं जोडायचा मार्ग मालकी नसून निगा आहे, हे या फुलांच्या इतिहासातच लिहिलेलं आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप अहिंसेचा आहे. फूल हा जीव आहे, तोडणं ही हिंसा आहे, आणि केवळ डोळ्यांच्या सुखासाठी केलेली हिंसा क्षम्य कशी? हा विचार या भूमीत काही जणांनी अगदी टोकापर्यंत नेला. जैनांतल्या दिगंबर तेरापंथी परंपरेत पूजेलाही फुलं वापरत नाहीत. केशराने रंगवलेले तांदूळ त्यांच्या जागी वाहिले जातात. कबीरांनी पानं खुडणाऱ्या माळिणीला बजावलं की पानापानांत जीव आहे आणि ज्या दगडासाठी ती खुडते तो मात्र निर्जीव. या दोन्ही विचारांपुढे मी नम्र आहे. बाजारातली फुलं ही लावलेलं पीक आहे, दांडी कापल्याने बहुतेक झाडं मरत नाहीत, उलट पुन्हा फुटतात, असं उत्तर देता येतं आणि ते खरंही आहे. पण ते पुरेसं नाही. कापलेल्या दांडीपुरता तो मृत्यूच आहे. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. आपल्या आज्यांना हे कळत होतं. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, सगळी फुलं ओरबाडायची नाहीत, कळ्या तोडायच्या नाहीत, देवाला वाहायच्या आधी वास घ्यायचा नाही. या नियमांमागे हीच जाणीव आहे की घेतलेल्या फुलाचं देणं लागतं. ते देणं पैशाने फिटत नाही, कारण पैसे माळिणीला मिळतात, फुलाला नाही. फुलाला देण्यासारखं आपल्याकडे लक्षच असतं. ज्याने फूल आणून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याने हिंसा केली असं मी म्हणेन. ज्याने ते शेवटपर्यंत सांभाळलं त्याने हिंसा पुसून टाकली नाही, पण ती वाया जाऊ दिली नाही.

आणखी एक आक्षेप पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातून येतो. इमॅन्युएल कांटने १७९० मधल्या आपल्या ग्रंथात फुलांना मुक्त सौंदर्याचं उदाहरण मानलं. असं सौंदर्य, जे पाहताना त्याचा उपयोग काय हे मनात येत नाही. मग खोली प्रसन्न करायला आणलेलं फूल तर उपयोगालाच जुंपलेलं. ते मनःस्थिती सुधारण्याचं साधन झालं, सौंदर्य कुठे राहिलं? सुरुवातीपुरतं हे खरं मानायला मी तयार आहे. माणूस बाजारात शिरतो तो बहुधा उपयोग मनात धरूनच. पण फूल त्या उपयोगात फार दिवस मावत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाकळीची कड तपकिरी होते, पाणी गढूळ होतं, आणि खोली उजळवण्याचं काम ते करेनासं होतं. नेमक्या याच वेळी ठरतं की ते आपल्यासाठी साधन होतं की आणखी काही. श्रीलंकेत कँडीच्या दळदा मंदिरात, जिथे बुद्धाचा दात जपलेला आहे, भाविक कमळं आणि मोगऱ्यासारखी पांढरी फुलं वाहतात. थेरवाद परंपरेत फुलं वाहताना जे म्हटलं जातं त्याचा आशय असा की हे फूल जसं कोमेजेल तसाच हा देहही कोमेजणार आहे. तिथे कोमेजणं हा अर्पणातला दोष मानलेला नाही, अर्पणाचा अर्थच त्यात आहे. ताज्या फुलाचा आनंद घेणं कुणालाही जमतं. सुकत चाललेल्या फुलाची दांडी पुन्हा कापून त्याला स्वच्छ पाणी देणं हे मात्र उपयोगाच्या पलीकडचं आहे, आणि तिथे सौंदर्याची जागा करुणेने घेतलेली असते.

राहता राहिला तो आक्षेप, जो मला सर्वांत जास्त टोचतो. क्रूझ हीच मुळी मोठी चैन. हजारो माणसांना घेऊन चालणारं, रात्रंदिवस इंधन जाळणारं तरंगतं शहर. त्यात एका जुडीच्या निमित्ताने अनासक्तीच्या गोष्टी करणं शोभतं का? फुलामुळे क्रूझ पवित्र होत नाही, हे आधीच कबूल करतो. ज्याने ती वाट धरली आहे त्याने त्या वाटेवर कसं वागावं एवढाच इथला प्रश्न आहे. आणि तिथे फूल एका माणसाकडे बोट दाखवतं, ज्याच्याकडे आपण एरवी पाहत नाही. ती केबिन प्रवाशासाठी आठवड्याचा मुक्काम असते, पण ती झाडणारा माणूस सहा-सात महिने, कधी त्याहून जास्त, त्याच जहाजावर असतो. हे काम करणाऱ्यांत फिलिपिनो आणि इंडोनेशियन असतात, तसे मुंबईचे, कोकणातले आणि गोव्यातले तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारेही असतात. गोव्यातल्या कितीतरी घरांची कौलं या कमाईवर चढली आहेत. गळलेल्या पाकळ्या, सांडलेलं पाणी, निघताना टाकून दिलेला कुजका गुच्छ हे सगळं शेवटी त्यांच्या वाट्याला येतं. सुकलेली फुलं समुद्रात सोडून मोकळं होण्याची मुभाही नाही. २०१३ पासून लागू असलेल्या सुधारित आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, अन्नाचे अवशेष आणि असेच मोजके अपवाद सोडले तर, जहाजावरचा कुठलाही कचरा समुद्रात टाकायला बंदी आहे. निर्माल्य पाण्यात सोडलं की ते पावन झालं, या आपल्या समजुतीलाही ही बंदी चांगलंच खडसावते. तेव्हा ज्याला फुलं हवीत त्याने त्यांची अखेरही आपल्याच हाताने करावी. फुलदाणी मागताना नीट शब्दांत मागावी, पाणी स्वतः बदलावं, गळलेलं स्वतः उचलावं, आणि उतरायच्या आदल्या दिवशी फुलं जर अजून चांगली असतील तर केबिन सांभाळणाऱ्यालाच विचारावं की त्याला ती कुठे ठेवायला आवडतील. निगा फुलापाशी सुरू होऊन माणसापर्यंत पोचली नाही तर ती निगा नव्हेच.

इथवर आल्यावर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. जाणाऱ्या गोष्टीशी वागायच्या तीन तऱ्हा आहेत. एक, ती जाणारच नाही अशा थाटात तिला कवटाळणं. यालाच मोह म्हणतात. दुसरी, जाणारच आहे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणं. याला आपण अनेकदा वैराग्य म्हणून मान देतो, पण तो बहुतेक वेळा आळस असतो, किंवा दुःख होऊ नये म्हणून आधीच हात आखडता घेण्याची भीती. तिसरी, जाणार हे पक्कं ठाऊक असताना तिला जे द्यायला हवं ते पुरेपूर देणं आणि वेळ झाली की हात मोकळा करणं. पहिल्या दोन तऱ्हांमध्ये माणूस स्वतःचाच विचार करत असतो. तिसरीत तो समोरच्या गोष्टीकडे पाहत असतो. एपिक्टेटसची धर्मशाळा, ज्ञानदेवांचं बिऱ्हाड आणि दीड दिवसाचा गणपती ही तिन्ही या तिसऱ्या तऱ्हेकडेच बोट दाखवतात.

हा विचार जहाजापुरता राहिला तर त्याचं मोल थोडं. आपल्या पिढीचं आयुष्य मुक्कामाच्या खोल्यांतच अधिक जातं. अकरा महिन्यांच्या करारावरचं घर, वसतिगृहाची खोली, परदेशातलं दोन वर्षांचं काम, इस्पितळातली खाट, आणि काहींच्या वाट्याला शेवटी वृद्धाश्रमातला कोपरा. यांतल्या प्रत्येक ठिकाणी मनात हाच विचार येतो की इथे कायमचं थोडंच राहायचं आहे, कशाला भिंतीला रंग, कशाला खिडकीत तुळस. असं म्हणत म्हणत माणूस आयुष्याची कितीतरी वर्षं एका न आलेल्या कायमच्या घराची वाट पाहत उदासवाण्या खोल्यांत काढतो. कायमचं घर कुणालाच मिळत नाही, हे सगळ्या धर्मांनी एकमुखाने सांगितलं आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र आपण उलटा काढत आलो. कायमचं काहीच मिळणार नसेल तर निगा राखण्यासाठी आपल्याला मुक्कामाच्या जागा तेवढ्याच मिळालेल्या आहेत. तेव्हा फुंचालच्या बाजारात उतरणाऱ्याने फुलं जरूर घ्यावीत. ती पिकवणाऱ्याला योग्य मोल द्यावं, सुकेपर्यंत त्यांची चाकरी करावी, त्यांचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकू नये आणि उतरताना त्यांच्यावर हक्क सांगू नये. एवढं पाळणाऱ्याला त्या मुक्कामात अनासक्ती वेगळी शिकायला लागत नाही. ती त्याच्या हातून घडलेली असते.